पदवी नसल्याचा दाखला

माझं शिक्षण बारावी. हे वाक्य गेल्या काही महिन्यांत मी इतक्या जणांना, तोंडी, लेखी आणि शेवटी स्टॅम्प पेपरवर सांगितलं आहे, की आता ते मलाच थोडं संशयास्पद वाटू लागलं आहे.

बारावीनंतर भोरच्या कॉलेजात नाव घातलं होतं. आमचं गाव वेल्ह्याच्या अलीकडे, डोंगराच्या पोटाशी. तिथून नसरापूरपर्यंत जीप, नसरापूरहून कापूरहोळच्या फाट्यापर्यंत मिळेल ते, आणि फाट्यावरून भोरची एसटी. मी रोज तिसऱ्या तासाला पोचायचे. पहिल्या दोन तासांना काय शिकवतात ते मला वर्षभर कळलं नाही आणि वर्षअखेरीला हजेरी कमी भरल्याचं कळलं. परीक्षेला बसू दिलं नाही. घरी म्हणाले, राहू दे. मीही राहू दिलं. यात दोष कुणाला द्यावा हे मला अजून ठरवता आलेलं नाही. जीपवाला जीप भरल्याशिवाय निघत नाही, आणि त्याच्या जागी मी असते तर मीही निघाले नसते.

मग नसरापुरात झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मच्या एका दुकानात कामाला लागले. भरतीचे फॉर्म, शिष्यवृत्तीचे फॉर्म, पीकविम्याचे फॉर्म. अर्जदार कितीही थोर असो, सरकारला त्याचा फोटो पन्नास केबीच्या आत लागतो आणि सही त्याहून लहान लागते. दिवसभर मी लोकांचे चेहरे लहान करत बसायचे. एका भरतीच्या आठवड्यात, रांग दाराबाहेर गेलेली असताना, मला पहिल्यांदा वाटलं की हे काम यंत्राला सांगता आलं पाहिजे. ते सांगायची भाषा असते, एवढं ऐकून माहीत होतं.

ती भाषा मी मोबाईलवरच्या व्हिडिओंमधून शिकले. शिकवणारे भराभर इंग्रजीत बोलत. कळलेलं वहीत मराठीत उतरवायचं, न कळलेल्यापुढे फुली मारायची. पहिल्या वहीत फुल्याच जास्त आहेत. चार महिन्यांनी एक वीस ओळींची गोष्ट तयार झाली. ती एका झटक्यात शंभर फोटो लहान करायची आणि त्यातले तीन-चार आडवे करायची. का आडवे करायची, हे शोधायला आणखी एक महिना गेला. विचारायला कुणी नव्हतं. आपलं आपण शिकण्याबद्दल लोक फार गौरवाने बोलतात. त्यातला मोठा भाग हा विचारायला कुणी नसण्याचा असतो, हे ते सांगत नाहीत. जुनं काम जपून ठेवायची रीतसर पद्धत असते, हेही मला दोन वर्षं माहीत नव्हतं. माझ्या कॉम्प्युटरवर ‘मंगळवार’, ‘मंगळवार-नवीन’ आणि ‘मंगळवार-खरा’ असे कप्पे होते. अनेक शब्द मी फक्त वाचले होते, कुणाच्या तोंडून ऐकले नव्हते. पुढे पुण्याच्या लोकांशी बोलताना ते मी माझ्या पद्धतीने उच्चारले, की पलीकडून कुणीतरी सौजन्याने विषय पुढे न्यायचं.

फोटो लहान करणारं ते साधन मी सगळ्यांना वापरता येईल असं इंटरनेटवर ठेवलं होतं. ते पाहून पुण्यातल्या एका छोट्या कंपनीने मला अकरा महिन्यांच्या करारावर घेतलं. मी घरूनच काम करायचे. आमच्याकडे रेंज फक्त गोठ्याच्या माळ्यावर येते. खाली दोन म्हशी आणि वर मी. कंपनी कॉलेजांसाठी सॉफ्टवेअर करते. माझ्या वाट्याला हजेरीचा भाग आला. ज्यांची हजेरी कमी भरते त्यांना आपोआप इशारा पाठवणाऱ्या ओळी मी लिहिल्या आणि त्या चांगल्या चालल्या.

कंपनीचे प्रमुख बोलायला उत्साही होते. दर महिन्याच्या सभेत ते सांगत की आम्ही पदव्या पाहत नाही, माणूस पाहतो. हे वाक्य कार्यालयाच्या भिंतीवरही मोठ्या अक्षरांत होतं, असं फोटोंत दिसायचं. एका सभेत त्यांनी मला उदाहरण म्हणून उभं केलं. डोंगरातली मुलगी, पदवी नाही, तरी बघा. सगळ्यांनी टाळ्यांची चित्रं पाठवली. नेमक्या त्याच वेळी खालून म्हैस ओरडली आणि त्यालाही टाळ्या मिळाल्या. तेव्हा मला हे सगळं थोडं हास्यास्पद वाटलं होतं. पण नाकारण्याइतकं नाही.

करार संपायच्या दोन महिने आधी मला कायम करायचं ठरलं. घरी त्याचा अर्थ वेगळा होता. मी सत्तावीसची. दर मार्गशीर्षात आमच्या घरात माझ्या लग्नाचा विषय निघतो आणि लग्नसराई संपेपर्यंत राहतो. मी आप्पांशी, म्हणजे वडिलांशी, बोलले. आमच्याकडे महत्त्वाचं बोलणं धारा काढताना होतं, कारण तेव्हा आप्पांना उठून जाता येत नाही.

“नोकरी पक्की झाली तर दोन वर्षं लग्नाचं नाव काढायचं न्हाई,” मी म्हणाले.

आप्पांनी मान वळवली नाही. “पक्की म्हंजे कागदावर?”

“कागदावर.”

“बरं,” आप्पा म्हणाले. आप्पांचं बरं म्हणजे बरं असतं.

दोन वर्षांत मला काय करायचं होतं, याची मोठी यादी नव्हती. जे शिकले होते ते कुणी मध्येच ‘चल, निघ’ न म्हणता करत राहायचं होतं. एवढंच.

कायम करण्याआधी कंपनीने लांबलचक फॉर्म पाठवला. शिक्षणाच्या रकान्यात मी बारावी लिहिलं, भोरची अपुरी हजेरीसुद्धा लिहिली. शेवटी बारीक अक्षरांत होतं की दिलेल्या माहितीची पडताळणी त्रयस्थ संस्थेमार्फत होईल. मी ते वाचलं आणि विसरले.

एका सकाळी मी माळ्यावर असताना एक मोटरसायकल घरावरून पुढे गेली. चालवणारा अनोळखी, खांद्याला बॅग, शर्ट खोचलेला. तो आमच्या दारात थांबला नाही. शेजारी थांबला, मग गिरणीपाशी, मग देवळाच्या पारावर. तासाभराने निघून गेला.

आता आमच्या भागात हे दृश्य एकाच गोष्टीचं असतं. परगावचा माणूस येतो, मुलीच्या घरी न जाता शेजारीपाजारी तिची विचारपूस करतो, आपण कोण हे सांगत नाही. तो मुलाकडून आलेला असतो. अशा माणसापुढे गावाचं एक कर्तव्य असतं. मुलगी कुणाचीही असो, चांगलंच सांगायचं. त्या तासापुरती भांडणं, भावकी, पाण्याची पाळी सगळं बाजूला ठेवायचं. अशा वेळी जो खरं बोलतो, तो सोयरीक मोडणारा म्हणून नातवंडांपर्यंत ओळखला जातो.

संध्याकाळी चुलती आली. ती शेजारच्याच घरात राहते आणि सकाळचा मुख्य साक्षीदार तीच होती. तिचा चेहरा फुललेला होता.

“मानूस चांगला वाटला,” ती म्हणाली. “च्या पन घेतला न्हाई. पोरगी काय शिकली म्हनला. म्या म्हनलं, इंजिनेर हाय.”

“काकी, मी कुठं इंजिनिअर हाय?”

“मग काय सांगू, बारावी? हातात फाईल व्हती त्याच्या. फाईल घिऊन आलेल्या मानसाला बारावी सांगत्यात व्हय?”

“आन् वय?”

“चोवीस.”

“तीन वर्षं कुठं गेली?”

“गेली तर गेली. तुझी वाढवली तर न्हाईत ना?” तिने पदर सावरला. “पोलीस केस हाय का, आसं पन इचारलं बाई. आजकाल मुलाकडची लई बारीक झाल्यात. म्या म्हनलं, आमच्या गावात पोलीसच कुनी बघितला न्हाई, पोरीचं काय घिऊन बसलाय. आन् सैपाक येतो म्हनलं, झ्याक. लगीन झाल्यावर नोकरीचा हट न्हाई तिचा. सासरची म्हनतील तसं.”

“आसं का सांगितलं?”

“आगं, त्यानं नोकरीचं दोनदा इचारलं. मंजी त्यास्नी नोकरी करनारी नको आसंल.”

पलीकडच्या घरातल्या आबांचं आणि आमचं बांधावरून माझ्या जन्माआधीपासून बोलणं नाही. चुलती म्हणाली, आबांनीही बाजू राखली. पोरीनं मान वर करून कुणाकडं बघितलं न्हाई, असं त्यांनी सांगितलं, आणि आमच्या दीड एकर भातखाचराला आठ एकर बागायत करून टाकलं.

ही चूक फक्त गावाची असती तर मला इथे शहाणपणा मिरवता आला असता. पण मीही तेच समजले. बारीक अक्षरातली ओळ वाचलेली असूनही मला तो माणूस मुलाकडचाच वाटला. मी तडक गोठ्यात गेले आणि आप्पांना म्हणाले, शब्द दिला होता ना? आप्पा म्हणाले, मी कुणाला बोलावलं नाही. मी विश्वास ठेवला नाही. तीन दिवस आम्ही एकमेकांशी बोललो नाही. आई मधल्या मध्ये दोघांना जेवायला वाढत राहिली.

चौथ्या दिवशी कंपनीतून मनुष्यबळ विभागाच्या बाईंचा फोन आला. आवाजावरून माझ्याच वयाच्या असाव्यात.

“एक छोटीशी अडचण आहे,” त्या म्हणाल्या. “तुम्ही शिक्षण बारावी लिहिलंय. पडताळणीत बी.ई. आलंय.”

तेव्हा कुठे मला मोटरसायकल कळली.

“बारावीच खरं आहे,” मी म्हणाले.

“मग लोक खोटं का सांगतील?”

“माझं लग्न जमावं म्हणून.”

“म्हणजे लग्न ठरलंय तुमचं? कारण रिपोर्टमध्ये आहे, लग्नानंतर काम सोडण्याची शक्यता.”

“ठरलेलं नाही. तुमच्या माणसालाच त्यांनी मुलाकडचा समजलं.”

“पण वयही तीन वर्षांनी वेगळं आहे.”

त्यांनी अहवालाची पानं मला पाठवली. तो माणूस प्रामाणिक होता, हे मान्य केलं पाहिजे. जे ऐकलं ते सगळं त्याने रकान्यांत बसवलं होतं. शिक्षण: स्थानिक माहितीनुसार अभियांत्रिकी पदवी. आर्थिक स्थिती: भक्कम, बागायती शेती. वर्तणूक: नजर खाली. सगळ्यात शेवटी ‘इतर निरीक्षणे’ या शीर्षकाखाली लिहिलं होतं, स्वयंपाक उत्तम.

मी बाईंना म्हणाले, पदवी असून लपवण्यात माझा काय फायदा? त्या म्हणाल्या, “पदवीचा प्रश्नच नाही. आपण पदवी पाहतच नाही. प्रश्न विसंगतीचा आहे. एखाद्या अधिकृत ठिकाणाहून लिहून आणता येईल का, की तुमच्याकडे पदवी नाही?”

मी ग्रामपंचायतीत गेले. ग्रामसेवक, ज्यांना सगळे भाऊसाहेब म्हणतात, त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

“रहिवासी देतो,” ते म्हणाले. “हयातीचा देतो. शौचालय असल्याचा देतो. विधवेनं पुन्हा लग्न केलं नाही, तर तसाही देतो. पण ताई, पदवी नसल्याचा नमुनाच नाही.”

“साध्या कागदावर लिहून द्या, भाऊसाहेब.”

“आणि उद्या तुम्ही घेतली डिग्री, तर? माझ्यामागं चौकशी लागंल.”

एकूण चौकशीची भीती काय असते हे मला नव्याने कळलेलं असल्यामुळे मी वाद घातला नाही. वेल्ह्याला तहसील कचेरीबाहेर टायपिंगवाले बसतात. तिथे एकाकडून प्रतिज्ञापत्र करून घेतलं. त्याच्याकडे ‘मी पदवीधर असून’ असा तयार मजकूर होता. त्यात त्याने ‘नसून’ केलं. तो शब्द बरोबर पडला आहे ना, हे मी तीनदा पाहिलं आणि सही केली. कंपनीला पाठवलं. दुसऱ्या दिवशी बाईंचा फोन आला की सुरुवातीलाच ‘धंदा घरकाम’ असं लिहिलं आहे, ते कसं? टायपिंगवाल्याच्या नमुन्यात बाईपुढे तेच असतं. बदललेला एक शब्द पुन्हा पुन्हा तपासायचा आणि बाकीचं बरोबर आहे असं धरून चालायचं, ही चूक मी इतरांच्या कामात रोज पकडत होते.

बाई वाईट नव्हत्या. त्यांनी वरच्यांशी बोलून पुन्हा एकदा पडताळणी मंजूर करून घेतली. या वेळी वेगळा माणूस येईल, म्हणाल्या.

मी घरोघर गेले. प्रत्येकाला समजावलं की तो मागचा माणूस मुलाकडचा नव्हता, कंपनीचा होता. पुन्हा एक येणार आहे. खरं तेवढंच सांगा.

“खरं सांगितल्यावर ठेवत्यात व्हय कामावर?” चुलतीने विचारलं.

“ठेवत्यात.”

“आसं कुठं आसतंय?” ती म्हणाली. पण कबूल झाली.

माझं चुकलं ते इथे. चौकशीला एकदा माणूस येणं गावाला समजतं. दोनदा आला म्हणजे काहीतरी भानगड आहे. त्यात मी स्वतः दारोदार जाऊन काय सांगायचं ते सांगितलेलं. वसुलीचा किंवा कोर्टाचा माणूस आल्यावर गाव जसं वागतं, तसं ते या वेळी वागलं. पारावर बसलेले उठून गेले. गिरणीवाल्याने गिरणी चालू केली, म्हणजे काही ऐकू येणार नाही. आबांना विचारल्यावर ते म्हणाले, “आमचं त्यांचं बोलनं न्हाई.” हे तर शंभर टक्के खरं होतं.

चुलतीने मात्र दिलेला शब्द पाळला. तो गेल्यावर ती स्वतःच सांगायला आली.

“बारावी सांगितलं बघ,” ती म्हणाली. “सत्तावीस सांगितलं. कायबी वाढवलं न्हाई.”

“बरं केलं, काकी.”

“त्यानं इचारलं, नक्की का? म्या म्हनलं, व्हय. आमाला तसंच सांगायला सांगितलंय.”

ती वाट पाहत होती, शाबासकीची असावी. तिने दोन्ही वेळा माझ्यासाठीच केलं होतं. पहिल्या वेळी सवयीने आणि दुसऱ्या वेळी सवय मोडून. मी तिला बस म्हणाले, चहा टाकते.

आठवड्याने मेल आला. शेजाऱ्यांचं सहकार्य नाही, उपलब्ध माहिती पढवलेली वाटते, सबब प्रस्ताव पुढे नेता येत नाही. करारही वाढणार नव्हता. खाली प्रमुखांनी स्वतःच्या नावाने दोन ओळी घातल्या होत्या, की माझा प्रवास सगळ्यांना प्रेरणा देणारा आहे. मी त्यांना आभाराचं उत्तर लिहिलं. तेवढं लिहायला फार वेळ लागला. पहिल्यांदा लिहिलेलं उपरोधिक झालं होतं, दुसऱ्यांदा लिहिलेलं गयावया केल्यासारखं. शेवटी ‘धन्यवाद’ एवढंच ठेवलं.

उरलेले दोन आठवडे मी हजेरीचा भाग पुण्यातल्या एका नव्या मुलीला समजावून दिला. ती हुशार होती, पटापट पकडत होती. कुठल्या ओळी का आहेत हे तिने विचारलं की मी सांगायचे, आणि सांगताना लक्षात यायचं की मला हे सगळं येतं. याआधी इतक्या सविस्तर कुणी विचारलंच नव्हतं. शेवटच्या दिवशी तिने माझी परवानगी सिस्टिममधून काढली. तसं मीच तिला शिकवलं होतं. माझ्या समोरचं पान कोरं झालं.

आईने दोन दिवस माझ्या आवडीची भाजी केली, म्हणजे तिला कळलं होतं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मी गोठ्यात वैरण टाकायला गेले, तेव्हा आप्पा धार काढत होते.

“कॉम्प्युटरवर तो कागद करता येतो का?” ते म्हणाले.

“कुठला?”

“लग्नाचा. नाव, गाव, मामाचं कूळ. बाहेर टायपिंगवाला काय बी लिहितो.”

मी वैरण पसरत राहिले.

“शिवऱ्याची जागा हाय,” ते म्हणाले. “हायवेला लागून घर. मुलाचं दुकान हाय.” मग थोडं थांबून म्हणाले, “तिथं रेंज लई चांगली हाय म्हनं. घरात बसून येती. म्या इचारलं मुद्दाम.”

एवढं एक वाक्य त्यांनी कुणाकुणाला विचारून, मनात ठेवून आणलं असणार.

मला हो म्हणता येईना. नाही म्हणायला माझ्याकडे काही नव्हतं. पक्की नोकरी, कागदावर, ही अट मीच घातली होती, आणि त्यांनी ती तेव्हा बिनतक्रार मान्य केली होती. आप्पा खाली मान घालून बसले होते. चरवी भरली होती, म्हैस पाय हलवत होती, धार कधीच संपली होती. तरी ते उठले नाहीत.